माशीच्या गळाची पहिली काठी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा त्यांची समजूत अशी असावी की आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू. विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "माशीने मासे धरायची काठी नवशिक्याने स्वस्तात कशी निवडावी." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी विचारले, "हा संघटनेचा विषय आहे का?" आम्ही म्हणालो, "आहे. कसा, ते ऐकल्यावर ठरवा."

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी काही वर्षे झगडा केला होता. सुटी का मिळवली, हे आम्ही सभांतून नेहमी सांगतो. पण मिळालेल्या सुटीत माणसाने काय करावे, याबद्दल आम्ही पुढारी मंडळी फारसे बोलत नाही. कामगाराने फावल्या वेळात फक्त झोपावे किंवा मोर्चाला यावे, असे आमच्यापैकी कित्येकांना वाटत असते. आमचे मत तसे नाही. माणसाला आवडेल ते शिकता यावे, आणि त्या शिकण्यात कोणी त्याला फसवू नये, हाही हक्कच आहे.

आम्ही स्वतः शाळा नववीत सोडली. लेथवर टर्नरचे काम शिकलो आणि बाकीचे वाचनालयात बसून, विचारून आणि चुकून शिकलो. तेव्हा आज जे सांगणार आहोत तेही त्याच मार्गाने मिळवलेले आहे. आता ज्यांच्यामुळे या विषयात पडलो, त्यांची हकिगत सांगतो.

आमचे एक सोबती आहेत. त्यांना आपण अण्णा म्हणू. फोर्जिंगच्या खात्यात घणाच्या आवाजात त्यांनी तेहतीस वर्षे काढली. नोकरीत असताना एकदा सहलीला ते हिमाचलात कुलूकडे गेले होते. तेथे तीर्थन नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहून एक म्हातारा गृहस्थ काठीने दोरी हवेत झुलवीत होता. दोरी मागे जाई, क्षणभर थांबे, आणि पुढे येऊन पाण्यावर पिसासारखी टेके. आवाज मुळीच नाही. अण्णा तासभर ते पाहत राहिले. ज्याच्या कानांत तेहतीस वर्षे घण वाजला, त्याला ती शांतता किती गोड लागली असेल, याची कल्पना तुम्ही करा.

निवृत्त झाल्यावर अण्णांनी एका दुकानातून पेटी आणली. काठी, रीळ, दोरी आणि माश्या असे सगळे एकत्र. दुकानदार म्हणाला, "नवशिक्यासाठी हेच घ्या, आणखी काही बघायलाच नको." दोन महिने अण्णा रोज पहाटे मैदानावर जात. दोरी पुढे जाण्याऐवजी पायाशी गुंता होऊन पडे. जोर वाढवला तर खांदा दुखे, आणि दोरी तरीही पायाशीच. शेवटी त्यांनी काठी कपाटामागे उभी केली आणि आम्हांला म्हणाले, "भाऊ, आपला हात घणाचा. हे बारीक काम आपल्याला यायचे नाही."

मंडळी, हे वाक्य आम्ही आयुष्यभर ऐकत आलो आहोत. यंत्राची धार गेलेली असते, गेज चुकीचे असते, आणि माल बिघडला की दोष कामगाराच्या हाताला लागतो. वाईट इतकेच की कामगारही ते खरे मानतो. आम्ही म्हणालो, "अण्णा, हाताचा निकाल मागाहून लावू. आधी हत्यार तपासू."

ते तपासताना आम्ही जे शिकलो, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ही मासेमारी इतर गळांपेक्षा वेगळी कशी. नेहमीच्या गळाला शिशाचे वजन किंवा आमिषाचा गोळा असतो. तो आपण फेकतो आणि त्याच्या मागे दोरा जातो. म्हणजे ती गोफण झाली. धोंड्याला वजन असते, म्हणून तो लांब जातो. माशीचा गळ तसा नव्हे. बारीक गळाला पिसे, लोकर किंवा केस रेशमाने बांधून किड्यासारखी आकृती करतात. तिला वजन जवळजवळ नसतेच. मोरपीस फेकून पाहा, हातभरही जाणार नाही. मग ही माशी तीस-चाळीस फूट जाते कशी? तिला दोरी नेते. वजन दोरीत असते. हा आसूड आहे, गोफण नव्हे. गाडीवान आसूड उडवतो तेव्हा टोकाला काही बांधलेले नसते. वादीचे वजन आणि तिचा टोकाकडे निमुळता होत जाणारा आकार यांमुळे मुठीतला वेग शेवटापर्यंत पोचतो. माशीच्या गळाची काठी म्हणजे त्या आसुडाची मूठ, आणि तीही वाकणारी. दोरीच्या वजनाने काठी वाकते, वाकलेली काठी सरळ होताना दोरीला पुढे ढकलते. एवढे तत्त्व पक्के ध्यानात धरले, तर खरेदीतले सगळे प्रश्न त्यातूनच सुटतात.

कारण यावरून लगेच दिसते की काठी आणि दोरी यांचा जोड जमला पाहिजे. दोरी हलकी असेल तर काठी वाकणारच नाही, आणि न वाकलेली काठी ढकलणार कशाने? दोरी फार जड असेल तर काठी लोळागोळा होईल. हा जोड ओळखण्यासाठी आकडे ठरवले आहेत. त्यांची कथाही ऐकण्यासारखी आहे.

जुन्या काळी दोरी घोड्याच्या केसांची असे, पुढे तेल पाजलेल्या रेशमाची आली. रेशीम सगळे एकाच घनतेचे, म्हणून दोरीची जाडी सांगितली की वजन आपोआप कळे. जाडीला इंग्रजी अक्षरे दिलेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आणि प्लास्टिकच्या दोऱ्या आल्या. जाडी तीच, पण वजन निराळे, आणि जुनी अक्षरे निकामी झाली. तेव्हा १९६० च्या सुमारास अमेरिकेतील मासेमारीचे साहित्य बनवणाऱ्यांच्या संघाने नवे प्रमाण ठरवले. दोरीच्या पुढच्या तीस फुटांचे वजन करायचे आणि त्यावरून नंबर द्यायचा. वजन ग्रेनमध्ये. पाच नंबरच्या दोरीचे तीस फूट म्हणजे १४० ग्रेन, सहा नंबरचे १६०, आठ नंबरचे २१०. आपल्याला ग्रेन परका वाटतो, पण आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनांचा. म्हणजे पाच नंबरची दोरी पाऊण तोळ्याहून किंचित जड, आणि आठ नंबरची तोळ्याहून तीस ग्रेन अधिक. नव्या मापात पाच नंबर सुमारे ९ ग्रॅम आणि आठ नंबर सुमारे साडेतेरा ग्रॅम.

येथे गिरणीतल्या जुन्या मंडळींनी सावध राहावे. आमचे वडील साचेवाले होते. त्यांच्या तोंडी सुताचा नंबर असे, वीस, चाळीस, साठ; आणि नंबर वाढेल तसे सूत बारीक. येथे उलटे आहे. नंबर वाढेल तशी दोरी जड आणि काठी दणकट.

प्रत्येक काठीवर, बुचाच्या मुठीच्या जरा वर, तिचा नंबर लिहिलेला असतो. अण्णांच्या काठीवर आठ होता. दोरीवर मात्र काहीच नव्हते आणि पेटीवरही खुलासा नव्हता. आम्ही टेपने दोरीचे पुढचे तीस फूट मोजले, तेथे धाग्याची खूण केली, तेवढ्याचे वेटोळे केले आणि ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने चकित होऊन काट्यावर ठेवले. नऊ ग्रॅम! म्हणजे आठ नंबरच्या काठीला पाच नंबरची दोरी. दोन महिने तो माणूस न वाकणाऱ्या काठीशी झुंजत होता आणि स्वतःच्या हाताला दोष देत होता. त्या सोनाराच्या दुकानात अण्णा काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, "म्हणजे माझा हात नव्हता." आजच्या व्याख्यानाचा विषय संघटनेचा कसा, याचे उत्तर आम्हांला तेथेच मिळाले.

आता निवडीकडे वळू. पहिला प्रश्न, नंबर कोणता? तो मासा आणि नदी यांवरून ठरतो. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. तो मूळचा येथला नव्हे. काश्मीरमध्ये त्याची अंडी स्कॉटलंडहून आणून १९०० साली रुजवली गेली, आणि पुढच्या दहाएक वर्षांत कुलूकडे व निलगिरीतही त्याची पैदास सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रातले पाणी त्याला उष्ण पडते. ट्राउटसाठी, आणि एकंदर शिकण्यासाठी, पाच नंबरची काठी सर्वांत सोयीची. लहान ओढ्यालाही चालते, मध्यम नदीलाही चालते, हाताला भार होत नाही. सहा नंबरही वाईट नाही. वारा असला तर थोडा बराच. आठ नंबर हा मोठ्या, जोरकस माशासाठी, जसा आपला महाशीर. दख्खनच्या नद्यांत महाशीर आहे आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची पैदास करून अनेक ठिकाणी त्याची पिल्ले दिली आहेत. पण नवशिक्याने प्रारंभ महाशीराने करू नये. घण शिकायचा तर पहिल्या दिवशी दहा किलोचा उचलत नाहीत.

दुसरा प्रश्न लांबीचा. नऊ फूट, म्हणजे पावणेतीन मीटर. ही लांबी जगभर नवशिक्याला दिली जाते, आणि त्याला कारण आहे. लांब काठीने दोरी मागच्या झुडपांच्या वर राहते, आणि पाण्यात पडल्यावर ती उचलून सरळ करता येते. झाडीने झाकलेल्या अरुंद ओढ्यावरच सात-साडेसात फुटांची काठी बरी. काठी चार तुकड्यांची घ्यावी. पूर्वी जास्त जोड म्हणजे काठी वाईट, अशी समजूत होती आणि त्या काळी ती खरीही होती, कारण जोड पितळेचे व जड असत. आजचे जोड त्याच पदार्थाचे असतात. चार तुकड्यांची नऊ फुटी काठी पाऊण मीटरच्या नळीत मावते आणि रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यात बाकाखाली जाते. आम्हां-तुम्हांला ही गोष्ट महत्त्वाची आहे.

तिसरा प्रश्न काठीच्या वाकाचा. काही काठ्या फक्त शेंड्याला वाकतात. त्यांना फास्ट म्हणतात. काही मुठीपर्यंत वाकतात, त्या स्लो. मधल्या त्या मीडियम. दुकानदार बहुधा फास्ट काठी पुढे करतो, कारण ती हलवल्यावर कडक आणि तरतरीत वाटते, आणि लांब फेकते असे सांगता येते. परंतु फास्ट काठीला हाताची वेळ अचूक लागते. नवशिक्याला काठी केव्हा वाकली आणि केव्हा सुटली, हे मनगटाला कळले पाहिजे. ते मध्यम वाकाच्या काठीत कळते. म्हणून पहिली काठी मीडियम, फार तर मीडियम-फास्ट. आणि नुसती काठी हवेत हलवून काहीही कळत नाही. दोरी ओवून, मोकळ्या जागेवर फेकून पाहू देत असेल त्याच दुकानात जावे.

आता काठी कशाची, याबद्दल. यात एक श्रमाचा इतिहास दडला आहे, तो थोडक्यात सांगतो. इझाक वॉल्टन या लंडनच्या कापडाच्या व्यापाऱ्याने मासेमारीवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली काढले, तेव्हा काठ्या लाकडाच्या होत्या. एकोणिसाव्या शतकात बांबू चिरून त्याच्या त्रिकोणी पट्ट्या तासायच्या आणि सहा पट्ट्या चिकटवून षट्कोनी काठी करायची, ही कला वाढली. त्यासाठी पहिला नावाजलेला बांबू आपल्याकडून जाई. कारागीर त्याला कलकत्ता बांबू म्हणत. पुढे चीनच्या दक्षिण भागातला टोंकिन नावाचा बांबू सरस ठरला. एक काठी म्हणजे निष्णात कारागिराचे कित्येक तासांचे काम. अर्थातच ती श्रीमंताच्या हाती. इंग्लंडात ट्राउट आणि सामन या माशांच्या चांगल्या नद्या जमीनदारांच्या मालकीच्या होत्या, आणि कारखान्यातला मजूर कालव्यावर साधा गळ घेऊन बसे. रेडिच या गावचे कामगार सुया आणि गळ करून साऱ्या जगाला पुरवीत.

हे बदलले काचेच्या तंतूंनी. दुसरे महायुद्ध संपता संपता काचतंतूंच्या काठ्या निघाल्या. १९५० साली कोरियाच्या युद्धामुळे अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, टोंकिन बांबू मिळेना, आणि काचतंतूंच्या काठीला रान मोकळे झाले. ती कारखान्यात भराभर होऊ लागली आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागली. १९६० च्या दशकात इंग्लंडात फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन संस्थेत मजबूत कार्बनतंतू तयार झाला. तो विमानांसाठी होता, पण १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याच्याही काठ्या निघाल्या. आज बहुतेक काठ्या कार्बनच्या असतात. त्या कशा करतात, ते टर्नरला लगेच समजेल. निमुळत्या पोलादी मँड्रेलवर राळेत भिजवलेले कार्बनचे कापड गुंडाळायचे, वरून पट्टी आवळायची, भट्टीत भाजायचे आणि मँड्रेल ओढून काढायचा.

मग एक काठी स्वस्त आणि दुसरी दहापट महाग का? परदेशात नावाजलेल्या कारखान्याची वरच्या श्रेणीतली एकटी काठी १,००० डॉलरच्या वर जाते, आणि नवशिक्याचा काठी, रीळ, दोरी असा पुरा संच २०० डॉलरच्या आसपास मिळतो. महाग काठीत कार्बन अधिक ताठ, म्हणून कापड कमी आणि वजन कमी. कड्या, बूच आणि रीळ बसवण्याची खाच अधिक सफाईची. मोडली तर बदलून देण्याची हमी. आणि उरलेले पैसे नावाचे. हलकेपणा सोडला तर यातले नवशिक्याच्या उपयोगाचे फार थोडे आहे. उलट फार ताठ काठी टाचेखाली आली किंवा दगडावर आपटली की काचेसारखी जाते. पहिले वर्ष आपटण्याचेच असते. म्हणून आम्ही म्हणतो, साधी कार्बनची काठी घ्या. लहान ओढ्यावरच जाणार असाल आणि संथ वाकाची हौस असेल, तर काचतंतूंची घ्या. ती थोडी जड पण धक्के सोसणारी.

खर्चाची वाटणी कशी करावी? शंभर रुपये असतील तर पन्नास काठीवर, तीस दोरीवर आणि वीस रिळावर, असा आमचा हिशेब. पुष्कळ लोक उलटे करतात. चकचकीत रिळावर खर्च करतात आणि दोरी मिळेल ती घेतात. ट्राउटच्या मासेमारीत रीळ बहुतेक वेळ दोरी सांभाळण्याचेच काम करते. साधे, मजबूत आणि न अडकणारे असले की पुरे. फेकण्याचे वजन दोरीत आहे, हे मघाशी सांगितलेच. म्हणून दोरीत काटकसर करू नये. नवशिक्याने तरंगणारी आणि पुढच्या भागात वजन असलेली दोरी घ्यावी. तिला वेट-फॉरवर्ड फ्लोटिंग म्हणतात, आणि नंबर काठीचाच. पेटीवर नंबर नसेल, तर ती पेटी तेथेच ठेवावी.

दोरीच्या पुढे नायलॉनचा निमुळता, सुमारे नऊ फुटांचा दोरा बांधतात आणि त्याच्या टोकाला माशी. या दोऱ्याला इंग्रजीत लीडर म्हणतात. आम्हांला त्याचे हसू आले. हा पुढारी सगळ्यांत बारीक असतो, पाण्यात दिसतही नाही, आणि मागून आलेला जोर मुकाट्याने टोकापर्यंत पोचवतो. आमच्या क्षेत्रातल्या काही लीडरांनी त्याच्यापासून शिकण्यासारखे आहे.

वापरलेली काठी मिळाली तर अवश्य पाहावी, पण डोळे उघडे ठेवून. तुकडे जोडून काठी डोळ्याशी धरावी आणि टोकापर्यंत नजर टाकावी. कड्या एका ओळीत आणि काठी सरळ दिसली पाहिजे. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवावा. तंतू अडकला तर कडीला चीर किंवा खाच आहे, आणि ती दोरी कापील. जोड बसवताना शेवटी थोडी फट राहते. ती दोष नव्हे. झीज होण्यास जागा ठेवलेली असते. पण जोड डुगडुगत असेल किंवा त्याच्या तोंडाशी केसासारखी भेग असेल, तर काठी सोडून द्यावी. अंगावर खोल ओरखडा असला तरीही सोडावी. कार्बन वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. बूच काळे पडले असेल तर काळजी नको. ते साबणाने निघते.

आता सुरक्षिततेबद्दल, कारण हा आमचा रोजचा विषय आहे. कार्बनमधून वीज वाहते. नऊ फुटांची काठी आणि वर उचललेला हात म्हणजे पंधरा-सोळा फूट उंची झाली. विजेच्या तारांखाली किंवा जवळपास काठी जोडूही नये, आणि आकाशात वीज कडाडू लागली की काठी खाली ठेवून बाजूला व्हावे. अण्णा ज्या मैदानावर दोन महिने सराव करीत होते, त्याच्या एका कडेवरून तारा गेल्या आहेत. ते कळल्यावर आमच्या अंगावर काटा आला. दुसरे, डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी असल्याशिवाय गळ हवेत फिरवू नये. तिसरे, डोंगरी नदीत एकट्याने उतरू नये.

सराव गवतावर करावा. डांबरावर दोरीची साल निघते. माशीऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधावा. काठी घड्याळातल्या दहाच्या आकड्यापासून एकच्या आकड्यापर्यंत न्यावी आणि तेथे थांबावी. दोरी मागे पुरी सरळ होईपर्यंत थांबणे, यातच सारी विद्या आहे. जोर थोडा आणि धीर फार. घणाच्या माणसाला हे जमणार नाही असे अण्णांना वाटले होते, पण घण मारणाराच थांबण्याची किंमत जाणतो. घण वर गेल्यावर तो क्षणभर थांबतोच.

तुमच्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न असेल: मुक्या जिवाला गळाला लावणे ही करमणूक कशी? प्रश्न योग्य आहे, आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. एवढेच सांगतो की पुष्कळ लोक आकडीचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकतात, मासा पाण्याबाहेर फार वेळ न ठेवता ओल्या हाताने सोडतात. खायचा असेल तर नियमाने परवानगी असेल तेवढाच घ्यावा. हिमाचलात आणि काश्मिरात मत्स्यविभागाचा परवाना काढावा लागतो, आणि हिवाळ्यातल्या विणीच्या काळात ट्राउटची मासेमारी बंद असते. आपल्याकडेही तलाव व नदी कोणाच्या अखत्यारीत आहे, ते विचारल्याशिवाय गळ टाकू नये. देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या माशांना लोक पूज्य मानतात. तेथे काठीची पिशवीसुद्धा उघडू नये. ज्यांना हे मुळीच पटत नाही त्यांनी नुसती दोरी फेकायला शिकावे. लोकरीचा तुकडा कोणाला टोचत नाही, आणि आनंद तसाच आहे.

आता हकिगत पुरी करतो. अण्णांजवळ आठ नंबरची काठी आणि पाच नंबरची दोरी होती. दुकानदाराकडे गेलो तर त्याने उघडलेली पेटी परत घेण्यास नकार दिला. भांडण करता आले असते, आणि भांडण्याचा आम्हांला सराव आहे, पण आम्ही हिशेब मांडला. दोरी काठीपेक्षा स्वस्त. आठ नंबरची एक दोरी घेतली की काठी कामाची झाली. उरली पाच नंबरची दोरी. तिच्यासाठी आम्ही चौघांनी वर्गणी काढली, आणि परदेशातून आलेल्या एका तरुणाची वापरलेली पाच नंबरची, नऊ फुटी, चार तुकड्यांची काठी कापसाचा बोळा फिरवून, नजर टाकून, मैदानावर फेकून पाहून घेतली. अशा रीतीने एका फसलेल्या पेटीचे दोन पुरे संच झाले.

नवी दोरी ओवून अण्णांनी तारांपासून दूरच्या मैदानावर पहिल्यांदा काठी उचलली, तेव्हा ती वाकली. दोरी मागे गेली. ते थांबले. दोरी पुढे आली आणि तीस फुटांवर लाल लोकर गवतावर टेकली. त्यांनी पुन्हा फेकली, पुन्हा फेकली, आणि उजाडून ऊन वर आले तरी थांबेनात. पुढच्या एप्रिलात आम्ही चौघे तीर्थनला गेलो. दोन दिवस कोणाला काही लागले नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांना वीतभर ट्राउट लागला. त्यांनी तो ओल्या हाताने पाण्यात सोडला आणि बराच वेळ नदीकडे पाहत उभे राहिले. आम्ही काही विचारले नाही.

ते दोन संच आज संघटनेच्या कचेरीत, पावतीपुस्तकांच्या कपाटाशेजारी उभे आहेत. वहीत नाव लिहून कोणीही सभासद न्यावेत आणि वाळवून परत आणावेत, एवढाच नियम आहे. रविवारी सकाळी अण्णा मैदानावर नव्या मंडळींना शिकवतात. एकाद्याची दोरी पायाशी पडली की ते त्याचा हात पाहत नाहीत. आधी काठीवरचा नंबर वाचतात, मग दोरीचा.

स्वस्त काठी निवडण्याचा आमचा सल्ला याच्यापेक्षा मोठा नाही. नऊ फूट, पाच नंबर, मध्यम वाक, चार तुकडे, त्याच नंबरची चांगली दोरी, साधे रीळ. आणि एकट्याला परवडत नसेल तर चौघांनी मिळून घ्यावी.